हळू गाण्याचा माईक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माईकच्या टोप्या धुणं. माईकच्या तोंडावर स्पंजची काळी टोपी असते. बोलणाऱ्याच्या फुंकरीनं स्पीकरच्या खोक्यात फरफर होऊ नये म्हणून ती घालतात. लग्नसराई संपेपर्यंत तिच्यात काय काय मुरतं ते विचारू नका. पुढाऱ्यांची थुंकी, पंडितजींचा तंबाखू, नवरदेवाच्या मावशीची लिपस्टिक. हंगाम संपला की माझी बायको इंदू पाटावर बसून गरम पाण्यात साबणाचा चुरा टाकायची, टोप्या चोळायची, आणि मी पिळून आंगणातल्या तारेवर चिमट्यानं टांगायचो.

"साऱ्या बालाघाटचा थुका धुता धुता म्हातारी झाली मी," ती म्हणाली.

"मंग? तुले काय कलेक्टर व्हायचं होतं?"

"कलेक्टरचाबी थुका याच्यातच हाय," ती म्हणाली आणि एक टोपी माझ्या अंगावर फेकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठली, छातीत कळ आली म्हणाली, आणि ऑटो दवाखान्याच्या फाटकात शिरायच्या आत गेली. रडायला आलेल्या बायांपैकी एकीनं तारेकडे पाहून हळूच विचारलं, "हे काय वाळत घातलं हाय?"

मधे आमच्या बालाघाटच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक गुरुजी घरी आले. म्हणाले, "काका, तुम्ही जन्मभर माईकचं काम केलं. त्यातल्या गमतीजमती लिहून द्या. फक्त हलकंफुलकं असू द्या. सणाचा अंक आहे. लोकांना उदास वाटायला नको."

मी सातवी शिकलेला माणूस. लिहायचं म्हटलं की हाताला घाम येतो. पण गुरुजींच्या त्या शेवटच्या बोलण्यानं माझं डोकं असं फिरलं की मी त्याच दिवशी लिहायला बसलो. ज्या घरची बाई आत्ता गेली त्या घरच्या माणसाला हलकंफुलकं मागता! गुरुजी, तुमच्यावर एकट्यावर राग नाही. मी आयुष्यभर हेच ऐकत आलो. लग्नात, गणपतीत, वाढदिवसात, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या आंगणात. 'कुछ चलता हुआ बजाओ', काहीतरी उडतं वाजवा. म्हणून जे लिहितो ते त्याच्याबद्दलच लिहितो. छापायचं तर छापा.

आधी माईकवाल्याचं काम काय असतं ते सांगतो. लोकांना वाटतं, खोकी ठेवली, वायर जोडली, हॅलो-हॅलो केलं, झालं. आवाज वाढवायला अक्कल लागत नाही, बटण लागतं. अक्कल लागते ती कमी करायला. माईकनं आपलाच आवाज खोक्यातून ऐकला की तो तेच परत बोलतो, मग खोकं आणखी जोरात बोलतं, मग माईक आणखी, आणि कानात सुई जावी तशी शिटी वाजते. नवरा-बायकोचं भांडण आणि माईकची शिटी, दोन्ही एकाच कारणानं होतात. दोघांची तोंडं समोरासमोर ठेवायची नाहीत, हाच इलाज.

हा धंदा माणसाचे कान खातो. पूर्वी लोखंडी भोंगे होते, झाडाला बांधायचे, आणि मी फांदीवर बसून त्यांची तोंडं वळवायचो. त्यात माझा डावा कान गेला. उजव्यानं ढोल ऐकू येतो, माणसाचं बोलणं ऐकू येतं, पण बारीक आवाज, बासरीचा, तारेचा, हळू गाणाऱ्या गळ्याचा, तो धुक्यातून आल्यासारखा येतो. हे मी गिऱ्हाईकाला सांगत नव्हतो. बहिऱ्या माईकवाल्याला कोण बोलावणार?

इंदूला कळलं ते असं. एका मुंजीत ती माझा डबा घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "अवो, शिटी वाजून राह्यली ना कवाची! लोकायनं कान झाकले." मी म्हणालो, "कुठी वाजते?" तिनं माझ्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला, आणि आवाज कमी-जास्त करायच्या मशीनजवळ खुर्ची ओढून बसली. त्या दिवसापासून ती तिथून उठली नाही. लोक म्हणायचे, बाई काय मशीनवर बसवली? एका सोयऱ्यानं तर तोंडावर सांगितलं की हे काम बाईमाणसाचं नाही. मी म्हणालो, मग तुमच्या घरी मुका माईक ठेवून जातो, चालतं का?

वायर माझी, कान तिचा, असा आमचा धंदा होता. स्टेजवर मी माईक हलवायचो आणि तिच्या तोंडाकडे पाहायचो. भुवई वर गेली तर बारीक आवाज जास्त. नाक मुरडलं तर जाड आवाज जास्त. तोंड मोकळं सुटलं की समजायचं, बरोबर लागलं. सारं गाणं मी तिच्या तोंडावर ऐकलं आहे.

गमती पाहिजेत ना? ही एक घ्या. कटंगीच्या एका शेतकऱ्यानं आठवडी बाजारासाठी भोंगा ठरवला. विचारलं, काय विकायचं? तर म्हणे, विकायचं नाही, बायकोला बोलवायचं आहे. ती रुसून माहेरी गेली होती आणि बाजाराला येणार हे त्याला कळलं होतं. गड्यानं माईक हातात घेतला आणि साऱ्या बाजाराच्या डोक्यावरून ओरडला, "फुलवंते, मुकाट्यानं घरी चाल, नाई तं पाय तोडतो तुये!" इंदूनं त्याच्या हातातून माईक हिसकला.

"असं बोलावते का कोणी बायकोले? भैताड!" असं त्याला म्हणून ती माईकमधे बोलली. ओरडली नाही. घरात बोलावं तसं बोलली. "फुलवंताबाई, तुमचा माणूस इथी भोंग्याखाली उभा हाय. तोंड उतरलं हाय त्याचं. यावं वाटलं तं या, नाई तं बाजार करा अन माहेरी जा. पण याले एकदा पाहून जा माय, म्हणजे आमाले भोंगा उतरवता येईन."

सारा बाजार गप झाला होता. भाजीवालीच्या हातातला तराजू तसाच राहिला. थोड्या वेळानं एक बाई वांग्याची पिशवी घेऊन आली, नवऱ्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पाय तोडते म्हणे! आधी हे धर," आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

हळू बोललेलंही लोक थांबून ऐकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. पण लोकांची थांबायची नियत पाहिजे. ती आता कुठं राहिली?

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

नितेश भरवेलीचा. बाप मँगनीजच्या खाणीत होता. हा गॅस सिलेंडरची छोटी गाडी चालवतो, घरोघरी पोचवतो. खांद्यावर सिलेंडर घेऊन जिने चढतो आणि गळा मात्र असा की मांजरीनं पाऊल टाकावं. गाणी स्वतः करतो. शब्दही त्याचे, चालही त्याची. गिटार घेऊन एकटा बसतो, खोलीचं दार लावून फोनवर रेकॉर्ड करतो आणि इंटरनेटवर टाकतो. कंपनी नाही, पार्टी नाही, मागं तबलेवाला नाही. ऐकणारे बोटावर मोजण्याइतके, त्यातले दोन आम्ही.

आमच्याकडे तो सिलेंडर घेऊनच आला होता. कोपऱ्यातली मशीन पाहून थबकला आणि म्हणाला, "काकू, मैं भी गाता हूँ. म्हणजे, मीबी गातो थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती? गाऊन दाखव."

गाडीतून गिटार आणली आणि ओट्यावर बसून गायला. मला नुसतं गुणगुण ऐकू आलं. इंदूच्या तोंडाकडे पाहिलं तर भुवई नाही, नाक नाही. ती हात ओला तसाच धरून उभी होती. शब्द मी नंतर त्याच्याकडून सांगून घेतले:

चूल विझली तरी राखेले ऊब हाय,
तू गेली तरी घराले तुही सवय हाय.

"कोणासाठी केलं रे?" तिनं विचारलं.

"आईसाठी. गेली तवा मी कामावर होतो."

इंदूनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "माह्या तेरवीले हेच म्हणजो. ते टाळकुटे नको मले, सिनेमाच्या चालीवर देवाले नाचवतात."

"काकू, असं नका बोलू ना."

"मरण कोणाले चुकलं हाय? म्हणशीन का नाई ते सांग."

"म्हणीन."

"अन मी काय करू?" मी विचारलं.

"तुमी वायर लावा," ती म्हणाली.

गिटारीचं गाणं माईकवर चढवणं सोपं नाही. लाकडी खोकं, त्याला भोक, वरून तारा. एक माईक गळ्याला लागतो, एक त्या भोकाच्या बाजूला, तिरपा. भोकासमोर सरळ धरला तर गोणपाट झटकल्यासारखा आवाज निघतो. दूर नेला तर पंखा ऐकू येतो, गिटार नाही. आणि एवढं करूनही एक गोष्ट माईकवाल्याच्या हाती नसते. खोक्यांचा आवाज मी वाढवून देतो. लोकांचा आवाज कमी करायचं बटण माझ्या मशीनवर नाही.

मागच्या गणपतीत इंदूनंच भांडून त्याला एका मंडळात गायला मिळवून दिलं. दिवेलागणीची वेळ, आरती झालेली, बायका-पोरं बसलेली. आधी फॅन्सी ड्रेस, नंतर डान्स, मधे नितेश. त्यानं पहिलं कडवं गायलं. दोन म्हाताऱ्या पुढं सरकून बसल्या. दुसऱ्या कडव्याला मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर चढले, दुसरा माईक उचलला आणि म्हणाले, "अबे, कोई मर गया क्या? बाप्पा बैठे हैं यहाँ. कुछ चलता हुआ बजा, नहीं तो उतर!"

पब्लिक हसली. नितेशचा हात तारेवर तसाच राहिला. अध्यक्ष पुढं बोलत होते, संस्कृती, उत्साह, युवा पिढी, पण एकाएकी त्यांचं नुसतं तोंड हलायला लागलं. इंदूनं त्यांचं बटण खाली ओढलं होतं. आता पब्लिक आणखी जोरात हसली. ते मशीनजवळ आले.

"काकी, मेरा माइक बंद है."

"हौ," इंदू म्हणाली. "तुमचंबी काई चलता हुआ नव्हतं."

त्या मंडळानं आम्हाला परत बोलावलं नाही. न बोलावू दे. पण नितेशचं गाणं अर्धंच राहिलं. तो गिटार पिशवीत घालत होता तेव्हा मी शिव्या देत होतो आणि तोच मला समजावत होता, "जाऊ द्या काका, रोजचंच हाय."

रोजचंच आहे म्हणून तर आग लागते! माणसं सिनेमात नट रडला की रुमाल काढतात. फोनवर, एकट्यानं, पांघरुणात तोंड घालून दुःखाची गाणी ऐकतात. आणि आपल्याच गावचा, आपल्याच घरी सिलेंडर पोचवणारा माणूस समोर बसून दुःखाचं गायला लागला की लगेच मनहूस! नट रडला तर कला, गॅसवाला रडला तर अपशकुन. यांच्या घरी कोणी मरत नाही का? सारे अमृत पिऊन आले आहेत? मी इतक्या घरांच्या मांडवात वायर ओढली आहे, एक घर असं दाखवा जिथं भिंतीवर हार घातलेला फोटो नव्हता.

इंदू गेल्यावर तिच्या तेरवीचं, तेराव्या दिवसाचं, मी बोललो ते एवढंच, की नितेश गाणार आणि वायर मी लावणार. पण आमच्या लाईनमध्ये एक रीत आहे. टेंटवाले, माईकवाले, कॅटरिंगवाले, बँडवाले, हे सारे स्वतःला लाईनवाले म्हणवतात. लाईनवाल्याच्या घरी मयत झाली की तेरवीचं सामान लाईनवाले लावतात. बोलवायचं नसतं, नाही म्हणायचं नसतं. सकाळी दार उघडलं तर आंगणात मांडव उभा, खुर्च्या मांडलेल्या, आणि बंटी डीजेची गाडी लागलेली.

बंटी आता दोन लेकरांचा बाप आहे, त्याच्या खोक्यांनी दुकानांच्या काचा थरथरतात. पण मशीनचं बटण कोणतं कशाचं, हे तो इंदूकडून शिकला. तिला मानायचा. त्यानं इंदूच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढी खोकी रचली होती. लग्नात स्टेजवर बसवावं तशी ती मधे बसली होती.

"हे काय लावलं बे?" मी विचारलं.

"काकूची तेरवी छोटी नाही दिसली पाहिजे काका," तो म्हणाला. डोळे लाल होते त्याचे.

आधी नातेवाइकांनी बोलावलेली भजन मंडळी झाली. जे तिला नको होतं तेच झालं. नाचाच्या गाण्याची चाल, वर देवाचं नाव, ढोलकी. कोणी म्हटलं नाही की मयताच्या घरी हे काय. मग नितेश बसला, तेव्हा मात्र एक सोयरा माझ्या कानाशी लागला, "भाऊ, तेरवीच्या घरी गिटार बरी नाई दिसत." मी त्याला उजवा कान दिला नाही.

माईक मीच लावला. एक गळ्याला, एक तिरपा. बटण वर केलं आणि लोकांनी कान झाकले. शिटी वाजत होती. मला कळेना कोणता माईक वाजतो. सवयीनं मी मशीनकडे पाहिलं, भुवई पाहायला. खुर्ची रिकामी होती.

बंटी धावत येऊन त्या खुर्चीवर बसला, काय केलं कोण जाणे, लोकांचे हात कानावरून खाली आले. नितेशनं डोळे मिटले आणि सुरू केलं. मला गुणगुण तेवढीच येत होती, पण मी लोकांची तोंडं पाहत होतो. वाढपी वरणाचं भांडं घेऊन थांबला. शेजारची बाई पदर तोंडाशी नेऊन बसली. बरोबर लागलं होतं. मी इंदूच्या फोटोकडे पाहून मनात म्हटलं, होऊन राह्यलं बघ तुयं गाणं.

आणि माझ्या तळपायाला धक्का बसला. धुम. धुम. धुम-धुम.

आधी कळलंच नाही. मग खोक्यातून बंटीचाच आधी रेकॉर्ड केलेला आवाज गरजला, तो मात्र मला चांगला ऐकू आला: "इंदू काकू की याद में, डीजे बंटी, बालाघाट!" आणि त्याखाली ठोका. त्यात तुटके शब्द नितेशच्याच गाण्याचे, पण पळते, उड्या मारते. बुंदीची बादली घेतलेला वाढपी ठोक्यावर पाय टाकायला लागला. फाटकाजवळच्या पोट्ट्यांनी फोन वर केले. एकाचे खांदे हलत होते. तिच्या फोटोची काच थरथरत होती.

मी जाऊन मेन वायर उपटली.

"काका!" बंटी उभा राहिला. "काय झालं?"

"काय झालं? माही बायको मेली, हे झालं! अन तू तिच्या नावानं नाच लावतो?"

"नाच नाही काका, रिमिक्स हाय. श्रद्धांजली. गणपतीच्या मिरवणुकीत वाजवणार हो मी. पूरा जिला सुनेगा काकू का नाम."

"नाव काहून ऐकाचं जिल्ह्यानं? ती काय इलेक्शनले उभी होती?"

पंगतीतून कोणीतरी फिसकन हसलं. बंटीचं तोंड लहान लेकरासारखं झालं. "मले दुसरं काय येते काका?" तो म्हणाला. "कोणाले स्वयंपाक येते, तो भात टाकून गेला. कोणाले मांडव येते, तो मांडव टाकून गेला. मले ठोका येते. दोन दिवस बसून केलं मी हे."

मी नितेशकडे वळलो. "अन तू? बसून पाहून राह्यला? तुयं गाणं फाडलं त्यानं!"

नितेशनं मान खाली घातली. "मीच देलं काका."

"काय?"

"रेकॉर्डिंग. बंटीभाऊनं मांगतलं, मी देलं. काका, मी इतक्या वर्षांपासून टाकून राह्यलो गाणे. कोणी पुरं ऐकत नाही. तुमी पाह्यलं ना गणपतीत? मले वाटलं, ठोक्याच्या मांगं का होईना, पण आईचं गाणं कोणाच्या कानात जाईन."

मला एक चोर पाहिजे होता, ज्याची मान धरता येईल. सापडले दोन, आणि दोघंही तिचेच. हातात उपटलेली वायर घेऊन मी तिथंच उभा. एवढा राग आणि ठेवायला जागा नाही, असं माणसाला होतं तेव्हा काय करावं, हे कोणी सांगत नाही.

"आता बिना माईकचं म्हण," मी नितेशला म्हणालो.

तो गायला. बिचारा पुरं गायला. पण पंगत परत सुरू झाली होती. भात इकडं, मीठ कुठं, पाणी वाढा रे. कोणी वाईट मनाचं नव्हतं. जेवायला आले होते, जेवत होते. मी अगदी पुढं बसलो होतो, उजवा कान करून. मला त्याचं नुसतं तोंड हलताना दिसलं.

सामान गाडीत चढवताना बंटी जवळ आला. "काका, तुमी म्हणाल तं पुसून टाकतो. मिरवणुकीत नाही वाजवत."

"आधी मले ते गाणं ऐकू दे," मी म्हणालो. "मंग सांगतो."

"तुमी ऐकलं नाही? गाण्याले माईक तं तुमीच लावला ना!"

"वायर लावली मी. ऐकलं तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या ऑटोनं मी भरवेलीला गेलो. खाणीच्या कॉलनीच्या तोंडाशी, पिंपळाखाली नितेशची गाडी लागते. बाया-माणसं रिकामे सिलेंडर घेऊन उभी होती, दोन-तीन सायकलच्या कॅरिअरला बांधलेले. तो अजून कोणाला द्यायला लागला नव्हता. मी केबिनचं दार उघडून त्याच्या बाजूला जाऊन बसलो.

"काका? तुमी इथी?"

"काचा वर कर. दोन्ही."

त्यानं केल्या. बाहेरचा आवाज निम्मा झाला. सीटच्या मागून गिटार काढली. केबिन एवढीशी, गिटारीची मान माझ्या मांडीवर आली.

"बंटीभाऊले काय सांगू?" त्यानं विचारलं.

"त्याले सांग, वाजव. लोकायले नाचाचं हाय तं नाचू दे, त्याले पोट हाय, तुलेबी हाय. पण तिचं नाव त्यातून काढाले सांग. ती त्याच्यात नाही. आता म्हण."

तो गायला. माझ्या चांगल्या कानापासून त्याचं तोंड हातभर होतं. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. तार ओढली की माझ्या मांडीचं हाड हलायचं. 'सवय' म्हणताना त्याचा आवाज जरा फाटतो, मग तो तिथं थांबतो, श्वास घेतो, आणि उरलेलं खालच्या आवाजात म्हणतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इंदूच्या तोंडावर दिसायचं त्यात एवढं नव्हतं.

काचेवर टकटक झाली. एक बाई होती. "ओ भैया! सिलेंडर दो ना, चूल्हे पे चावल आधा पड़ा है!" मागून एक माणूस ओरडला, "अंदर गाना-बजाना चल रहा है, और हम यहाँ खड़े हैं!" कोणीतरी पाठीमागं पत्र्यावर थाप मारली. नितेशचा हात तारेवर अडला, त्या गणपतीत अडला होता तसा, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"थांबू नको," मी म्हणालो. "पुढं म्हण."

मी माझ्या बाजूची काच चार बोटं खाली केली.

"गाणं चालू हाय," मी त्यांना सांगितलं. "संपलं की सिलेंडर भेटन." आणि काच वर करून घेतली.